सावलीला सूर फुटतो तेव्हा

दोस्तांनो, घरात बुद्धिबळाचा डाव रंगला की कसले कसले आवाज येतात? ‘शह!’ म्हणून ओरडल्याचा, वजीर गेला की कपाळावर हात मारल्याचा, आणि धाकट्या भावंडाने मध्येच पट उधळला की मग विचारूच नका! पण समजा, तुम्ही घोडा अडीच घरं उडवला आणि खोलीच्या एका कोपऱ्यातून ‘घुंऽऽऽ’ असा आवाज सुरू झाला, समोरच्याने तुमचं प्यादं मारलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातला आवाज एकदम गप्प झाला, तर?

थापा नाहीत हं. असा डाव खरोखरच खेळला गेला आहे. तारीख ५ मार्च १९६८, गाव कॅनडातलं टोरांटो. रायर्सन नावाच्या तंत्रशिक्षण संस्थेचं नाट्यगृह, समोर प्रेक्षक, आणि रंगमंचावर टेबलाशी बसलेले दोन खेळाडू. एक होते जॉन केज, पंचावन्न वर्षांचे अमेरिकन संगीतकार. दुसरे मार्सेल द्युशाँ, ऐंशी वर्षांचे चित्रकार आणि पट्टीचे बुद्धिबळपटू. फ्रान्सच्या संघातून ते बुद्धिबळाचं ऑलिंपियाडसुद्धा खेळलेले होते. बाजूला चार जण आपापली इलेक्ट्रॉनिक यंत्रं मांडून बसले होते : डेव्हिड ट्यूडर, गॉर्डन मम्मा, डेव्हिड बेहरमन आणि लोवेल क्रॉस. हे चौघं सतत काही ना काही आवाज निर्माण करत होते. पण कोणता आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचायचा आणि कोणत्या भोंग्यातून पोचायचा, हे त्यांच्या हातात नव्हतं. ते ठरवत होता बुद्धिबळाचा पट!

हा पट क्रॉस यांनी बनवला होता. चौसष्ट घरं, प्रत्येक घराला एक भोक आणि भोकाखाली प्रकाश ओळखणारा एक छोटासा भाग. घर रिकामं असेल तर त्याच्यावर उजेड पडणार, सोंगटी येऊन बसली की अंधार होणार. नळ उघडावा आणि बंद करावा, तसे त्या उजेड-अंधारातून आवाजाचे नळ उघडत आणि मिटत होते. डाव गुंतेल तसे आवाजही गुंतत जावेत आणि सोंगट्या कमी होतील तसे पुन्हा निवळावेत, असा तो बेत.

द्युशाँनी आपला एक घोडा आधीच काढून ठेवला आणि तरीही पहिला डाव सहज जिंकला. मग केज विरुद्ध द्युशाँच्या पत्नी टीनी असा दुसरा डाव सुरू झाला, तो रात्री एकच्या सुमारास अर्धवट थांबवावा लागला. तोवर नाट्यगृह जवळजवळ रिकामं झालं होतं! प्रेक्षक कंटाळून घरी गेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण नव्या प्रयोगांच्या गोष्टींत टाळ्यांचा कडकडाटच ऐकवायची पद्धत आहे. इथे तसं झालं नाही. खेळणाऱ्यांना डाव जिंकायचा होता, सूर जुळवायचे नव्हते, मग त्याला संगीत म्हणायचं की नाही? तुमच्या संगीताच्या बाईंना विचारून पाहा. त्या काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असेल.

आपल्याला मात्र आज दुसराच प्रश्न सोडवायचा आहे. सावली पडली हे यंत्राला कळतं कसं? आणि कळलं तरी त्यातून सूर कसा बदलतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १८७३ सालापर्यंत मागे जातं. विलोबी स्मिथ नावाचे इंग्रज अभियंते समुद्राच्या तळाशी टाकायच्या तारायंत्राच्या केबली तपासत होते. या तपासणीसाठी वीज खूप अडवणारा एखादा पदार्थ त्यांना हवा होता. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण मोजमाप काही केल्या स्थिर येईना! आत्ता एक आकडा, घटकाभराने दुसराच. शोधता शोधता लक्षात आलं की कांड्या ठेवलेल्या पेटीचं झाकण बंद असलं की वीज जास्त अडते, झाकण सरकवून उजेड आत आला की कमी. केबलवाल्यांच्या दृष्टीने ही कटकटच होती. पण उजेड विजेवर परिणाम करतो, हे त्या कटकटीतूनच जगाला कळलं. सातच वर्षांनी, १८८० साली, टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी हाच सेलेनियम वापरून माणसाचा आवाज तारेशिवाय, नुसत्या सूर्यकिरणावर बसवून, २१३ मीटर लांब पोचवला.

आज सेलेनियमची जागा बहुतेक ठिकाणी कॅडमियम सल्फाइडने घेतली आहे. त्यापासून केलेल्या भागाला म्हणतात एल.डी.आर., म्हणजे उजेडाप्रमाणे ज्याचा रोध बदलतो असा भाग. शर्टाच्या बटणाएवढी चकती, तिच्यावर नागमोडी रेघ, खाली दोन तारांचे पाय. अंधारात त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी चिकटून बसलेले असतात, त्यामुळे वीज वाहायला वाट नसते आणि रोध दहा लाख ओहमच्याही पुढे जाऊ शकतो. उजेड पडला की प्रकाशाची ऊर्जा मिळून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि तोच रोध हजार ओहमवर किंवा त्याच्याही खाली येतो. दिवेलागणीला आपोआप लागणारे आणि उजाडलं की विझणारे रस्त्यावरचे दिवे तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या कितीतरी दिव्यांच्या डोक्यावर हाच पहारेकरी बसवलेला असतो.

हा झाला डोळा. आता गळ्याकडे वळू.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, पाहिली असेल. पेटीत काय काय असतं? हवा भरणारा भाता. त्या हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पट्ट्या. कोणत्या पट्टीला हवा मिळावी हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. हे सगळं एकाच खोक्यात कायमचं जोडलेलं. आता कल्पना करा, कोणीतरी पेटी खोलून भाता एका डब्यात, सुरांच्या पट्ट्या दुसऱ्या डब्यात, बोटांच्या पट्ट्या तिसऱ्या डब्यात ठेवल्या, आणि कोणता डबा कोणाला जोडायचा हे तुमच्यावर सोडलं. जोडायला नळ्यांऐवजी विजेच्या तारा. झाला तुमचा मॉड्युलर सिंथेसायझर! ‘मॉड्यूल’ म्हणजे असा एकेक सुटा डबा. एक डबा नुसता सूर काढतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. एक त्या सुराचा कर्कशपणा गाळतो, तो फिल्टर. एक आवाज लहानमोठा करतो. डब्यांच्या तोंडावर भोकं असतात, त्यांत रंगीबेरंगी वायरी खुपसायच्या. खूप वायरी लागल्या की सगळा प्रकार शेवयांच्या ताटासारखा दिसायला लागतो.

खरी गंमत पुढे आहे. या डब्यांना हुकूम देण्याची भाषा एकच असते, आणि ती म्हणजे व्होल्टेज, विजेचा दाब. अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग यांनी (मूग नव्हे हं, मोग!) १९६४ साली आपले पहिले डबे बनवले. त्यांच्या यंत्रांतून रूढ झालेला नियम फार सोपा आहे : एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. ऑसिलेटरला दोन व्होल्ट दिले आणि षड्ज मिळाला, तर तीन व्होल्टला तार सप्तकातला षड्ज, एक व्होल्टला खर्जातला. आणि हा दाब कुठून आला, याची ऑसिलेटर मुळीच चौकशी करत नाही! पियानोसारख्या पट्टीवरून आला, दुसऱ्या डब्याकडून आला, की खिडकीतल्या उन्हातून आला, त्याला सगळं सारखंच. सूर काढणारा वेगळा आणि हुकूम देणारा वेगळा, ही फारकत एकदा झाली, की हुकूम कोणीही देऊ शकतो. अगदी तुमच्या हाताची सावलीसुद्धा.

पण एल.डी.आर.चा बदलतो तो रोध, आणि ऑसिलेटरला हवा दाब. मग? मग एक सोपी युक्ती. पाच व्होल्टचा दाब घ्यायचा आणि त्याच्या वाटेत दोन अडवणारे एकापुढे एक उभे करायचे. पहिला एल.डी.आर., दुसरा दहा हजार ओहमचा साधा रेझिस्टर. वाटणीचा नियम असा, की जो जास्त अडवतो त्याच्या वाट्याला जास्त दाब येतो. साध्या रेझिस्टरच्या वाट्याला जेवढा दाब येईल, तो ऑसिलेटरला द्यायचा. आता वही-पेन्सिल घ्या. खोलीतल्या साध्या उजेडात समजा एल.डी.आर.चा रोधही दहा हजार आहे. वाटणी निम्मी-निम्मी, म्हणजे अडीच व्होल्ट. टॉर्च मारली, एल.डी.आर. हजारावर आला. आता रेझिस्टरच्या वाट्याला पाचातले दहा-अकरांश, म्हणजे साधारण साडेचार व्होल्ट. दोन व्होल्ट वाढले, म्हणजे सूर दोन सप्तकं वर! हाताने सावली केली, एल.डी.आर. नव्वद हजारांवर गेला. वाट्याला फक्त अर्धा व्होल्ट, म्हणजे मूळ सुरापासून दोन सप्तकं खाली. नुसत्या हातवाऱ्यात चार सप्तकं!

पट्ट्यांवर बोटं ठेवून असं घरंगळत जाता येत नाही. म्हणूनच पेटीवर मींड निघत नाही अशी गवयांची जुनी तक्रार आहे. सावली मात्र जन्मतःच मींड घेते. उलट तिची अडचण दुसरीकडे आहे. तिला एका जागी उभं राहता येत नाही. हात जरा कापला की सूर कापतो. ढग आला की गंधाराचा रिषभ होतो. काल रात्री दिव्याखाली बसवलेली धून आज सकाळी उन्हात वाजवायला जाल, तर भलतंच काहीतरी वाजेल. अशा लहरी हुकूमदारासाठी ‘क्वांटायझर’ नावाचा एक डबा मिळतो. मधले सगळे दाब तो जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन बसवतो. त्याने बेसूरपणा जातो खरा, पण मींडही जाते. मला विचाराल, तर एवढं करायचं असेल तर सरळ पट्ट्याच का नकोत?

हाच प्रश्न एका माणसाला फार लवकर पडला होता. त्याची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते.

सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६३ च्या सुमारास मॉर्टन सुबोटनिक आणि रेमन सेंडर हे दोन तरुण संगीतकार टेपवर संगीत बनवत होते. म्हणजे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, टेप ब्लेडने कापायची, चिकटवायची, पुन्हा ऐकायची. मिनिटभराच्या संगीतासाठी कित्येक दिवस. त्यांना हवं होतं असं वाद्य, जे हाताने वाजवता येईल आणि कोणाही माणसाला घरी ठेवता येईल. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती : दिवा, त्याच्यासमोर भोकांची फिरणारी चकती आणि पलीकडे प्रकाश ओळखणारा डोळा. चकतीमुळे उजेड दर सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकणार, डोळा त्याची वीज करणार, भोंगा त्याचा सूर करणार. वाजवणाऱ्याने उजेडाच्या वाटेत बोटं धरायची, की सुराची जात बदलणार.

हे बनवून देणारा अभियंता ते शोधत होते. त्यांना भेटले डॉन बुकला. सुबोटनिक यांनी सांगितलेली हकीगत अशी, की बुकला लवकरच तसं यंत्र खरोखर बनवून घेऊन आले. दिवा लागला, हात आडवा धरला, आवाज बदलला. सगळं ठरल्याप्रमाणे! आणि लगेच बुकलांनी सांगून टाकलं, की हे चालतं खरं, पण करायची रीत ही नव्हे.

विचार करा. मागितलेलं काम फत्ते झालेलं, मागणारे खूश, आणि करणाराच म्हणतो, नको! कारण बुकलांच्या लक्षात आलं होतं, की एका चकतीत आणि एका दिव्यात वाद्य कायमचं अडकून पडेल. त्यापेक्षा सुटे डबे करावेत, त्यांना दाबाने हुकूम द्यावेत, म्हणजे रोज नवं वाद्य जोडता येईल. मोग अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला हाच विचार करत होते, दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पुढच्या दोनेक वर्षांत बुकलांचे डबे तयार झाले. पियानोसारख्या पट्ट्या त्यांनी लावल्याच नाहीत, कारण पट्टी दिसली की माणूस जुनीच गाणी वाजवणार! त्यांनी बोट टेकवायच्या साध्या धातूच्या पट्ट्या दिल्या. या यंत्रावर सुबोटनिक यांनी केलेली ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली.

म्हणजे उजेडाला बुकलांनी पुढच्या दाराने घालवून दिलं. पण तो मागच्या दाराने परत आला.

झालं असं, की तुमच्या ढोलकीचा आवाज एकदम बंद होत नाही. ढोलकीवर थाप पडते तेव्हा आवाज झटकन मोठा होतो आणि मग विरत जातो. विरताना तो नुसता बारीक होत नाही, तर त्यातली खणखण आधी जाते आणि गोडवा मागे राहतो. विजेच्या डब्यांना ही नजाकत साधेना. बुकलांनी १९७० च्या सुमारास आपल्या नव्या डब्यांत व्हॅक्ट्रोल नावाचा भाग वापरला. व्हॅक्ट्रोल म्हणजे एक इवलासा दिवा आणि एक एल.डी.आर., दोघं समोरासमोर, एका काळ्या बंद डबीत. बाहेरचा उजेड आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. हुकूम आला की दिवा लागतो, एल.डी.आर. पाहतो आणि आवाजाला वाट करून देतो. पण एल.डी.आर. हा स्वभावाने जरा सुस्त प्राणी. उजेड झालेला त्याला पटकन कळतो, पण अंधार झाला हे मान्य करायला तो वेळ घेतो. दिवा विझल्यावरही त्याचा रोध सावकाश वाढत जातो आणि आवाज अलगद विरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी लाकडावर टिचकी मारली! इतर ठिकाणी जो दोष, तोच इथे गुण ठरला. काळ्या डबीतल्या या सुस्त उजेडासाठी आजही लोक ही जुनी रचना पुन्हा पुन्हा बनवतात. कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपात त्याच्यावर बंधनं आली आणि असे भाग मिळणं अवघड झालं, तरीसुद्धा.

आणि तिसऱ्यांदा? १९९१ साली बुकलांनी ‘लाइटनिंग’ नावाचं वाद्य काढलं. दोन हातांत दोन कांड्या, कांड्यांच्या टोकाशी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, समोर तो टिपणारी पेटी. हवेत कांडी कुठे आहे आणि कशी फिरते आहे, यावरून सूर आणि ठेका. ज्याने पहिल्या भेटीत उजेडाला नको म्हटलं, त्यानेच अठ्ठावीस वर्षांनी उजेड वाजवायला दिला. या वेळी मात्र त्या प्रकाशाकडे सूर निर्माण करायचं काम नव्हतं. तो फक्त हात कुठे आहे हे सांगत होता.

उजेडाकडून थेट सूर काढून घेणारेही होतेच, त्यांना विसरून चालणार नाही. इंग्लंडच्या डॅफ्नी ओरम यांनी १९५९ साली बी.बी.सी.तली नोकरी सोडली आणि केंट परगण्यातल्या आपल्या घरी एक यंत्र उभारलं. सिनेमाच्या पारदर्शक फिल्मवर त्या काळ्या शाईने आकार रंगवायच्या आणि यंत्र उजेडाने ते वाचून वाजवायचं. लंडनच्या सायन्स म्युझियमकडे ते यंत्र आहे. रशियात येवगेनी मुर्झिन यांनी वीस वर्षं खपून असंच एक यंत्र बनवलं. त्यात काचेवरचा काळा लेप खरवडायचा आणि खरवडलेल्या जागेतून येणारा उजेड वाजायचा. रांगोळी काढावी तसं गाणं काढायचं! एकच अट, चुकलं तर पुन्हा लेप लावायचा.

आपल्या देशाचा या गोष्टीशी एक धागा आहे, आणि तो त्या बुद्धिबळाच्या रात्रीपासून निघतो. आवाज पुरवणारे डेव्हिड ट्यूडर आठवतात ना? पुढच्याच वर्षी, १९६९ साली, ते अहमदाबादला आले. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी मोग यांचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवून दिला. यामागे होत्या गीता साराभाई. पखवाज वाजवणाऱ्या या विदुषी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि केजनी त्यांना पाश्चात्य. अहमदाबादच्या यंत्रावर पुढची तीन-चार वर्षं भारतीयांनी नाना प्रयोग केले. नंतर त्या टेप कपाटात पडून राहिल्या, कोणाला आठवणसुद्धा नव्हती. त्या सापडल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिथे उजेडाचा वापर नव्हता, पण हुकुमाची भाषा तीच होती, व्होल्टेजची.

बरं, वाचून वाचून हात शिवशिवायला लागले असतील. मोठे मॉड्युलर सिंथेसायझर फार महाग असतात. जर्मनीच्या डोपफर कंपनीचा तर खास उजेडावर चालणारा डबाही मिळतो, पण तो विकत आणण्याआधी आपण खाऊच्या पैशांत भागेल असं काहीतरी करू.

सामान असं : एक ५५५ नंबरची टायमर आय.सी., एक एल.डी.आर., १ किलो-ओहमचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, लाल), १०० ओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, तपकिरी), ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर १०४ लिहिलेलं असतं), १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ८ ओहमचा छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड आणि थोड्या वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एकाच दुकानात मिळेल. तुमच्या गावात रेडिओ-टी.व्ही. दुरुस्त करणारे काका असतील, तर आधी त्यांनाच विचारा.

आय.सी.च्या एका टोकाला खाच असते. ती डावीकडे धरली की खालच्या रांगेत डावीकडून पाय क्रमांक १ ते ४ आणि वरच्या रांगेत उजवीकडून ५ ते ८. आता जोडणी. १ नंबर बॅटरीच्या ऋण टोकाला. ४ आणि ८ धन टोकाला. ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा रेझिस्टर. ७ आणि ६ यांच्यामध्ये एल.डी.आर. ६ आणि २ एकमेकांना वायरीने जोडा. २ आणि ऋण टोक यांच्यामध्ये ०.१ चा कपॅसिटर. शेवटी ३ नंबरपासून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्याची धन बाजू ३ नंबरकडे), पुढे १०० ओहमचा रेझिस्टर, पुढे स्पीकर, आणि स्पीकरची दुसरी तार ऋण टोकाला. ५ नंबर सध्या मोकळा. एकदा सगळं तपासा, मग बॅटरी लावा.

वाजला? आता हात पुढे-मागे करा. आत काय चाललंय सांगू? कपॅसिटर ही विजेची बादली आहे. ती भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. एल.डी.आर. हा बादलीवरचा नळ. उजेड जास्त तर नळ मोठा, बादली झटपट भरते-रिकामी होते आणि सूर वर जातो. रोध दहा हजार असेल तर सेकंदाला साधारण ६८६ कंपनं, टॉर्च मारून हजारावर आणला तर ४८०० ची कानात शिरणारी शिट्टी, आणि मुठीत झाकून लाखावर नेला तर ७२ च्या आसपासचा गुरगुराट.

एक गोष्ट चाणाक्ष वाचकांनी ओळखली असेल. इथे एल.डी.आर. हुकूम देत नाही, तो स्वतःच सूर काढणाऱ्याच्या पोटात जाऊन बसला आहे. खरा हुकूम द्यायचा असेल तर मोकळ्या ठेवलेल्या ५ नंबरकडे चला. तो पाय दाबाचा हुकूम ऐकण्यासाठीच असतो! दुसरा एल.डी.आर. आणि त्याच्या जोडीला १ किलो-ओहमचा आणखी एक रेझिस्टर एकापुढे एक जोडा, एक टोक ५ नंबरला, दुसरं ऋण टोकाला. या दुसऱ्या डोळ्यावर टॉर्च मारली की ५ नंबरवरचा दाब घटतो आणि सूर वर सरकतो. मोगच्या नियमाच्या बरोबर उलट! आणि सरकतो तोही सप्तकभर नाही. पण आता एक सावली डाव्या हाताची, एक उजव्या हाताची.

आईबाबांसाठी दोन ओळी. हे सगळं फक्त बॅटरीवर करायचं आहे, भिंतीतल्या विजेचा इथे काही संबंध नाही. एल.डी.आर. फोडू किंवा घासू नये, त्यात कॅडमियम असतं. निकामी झाला तर घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. आणि त्या ४८०० कंपनांच्या शिट्टीबद्दल शेजारच्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

वाद्य तयार झालं की एक शेवटचा उद्योग. सायकल उलटी करून सीटवर उभी करा. पुढच्या चाकाच्या एका बाजूला टॉर्च आणि दुसऱ्या बाजूला एल.डी.आर., आऱ्यांच्या बरोबर आरपार. खोलीत अंधार करा. आधी आऱ्या मोजा. जुन्या मोठ्या सायकलींच्या पुढच्या चाकात बहुधा ३२ असतात. म्हणजे दोन-दोन फटींची एक मात्रा धरली तर बरोबर सोळा, तीनताल! पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेच्या फटींवर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा, नवव्या मात्रेवर काही लावू नका, ती खाली. खुणेसाठी समेचा पुठ्ठा लाल रंगवा. चाक हाताने हळू फिरवा, बोटं आऱ्यांपासून लांब ठेवून. टाळीची मात्रा आली की सूर धपकन खाली उतरेल, खालीची मात्रा सूर न उतरताच निघून जाईल. फार जोरात फिरवलंत तर मात्र ताल पुसट होईल, कारण आपला एल.डी.आर. सुस्त आहे, हे तुम्हाला आता माहीत आहेच. विलंबित लयीत फिरवा.